‘सर्व एमटीबींना चालेल’ असे छापून विकलेल्या डिस्क ब्रेक संचाबद्दल तक्रार

पुणे

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : केबल डिस्क ब्रेक संचात दिलेली धोकादायक आउटर, सदोष रोटर व खोक्यावरचे चुकीचे वर्णन, पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत आणि या लॉटची विक्री थांबवण्याबाबत.

महोदय,

आपल्या कंपनीचा माउंटन बाइकसाठीचा केबल डिस्क ब्रेक संच मी आपल्याच ऑनलाइन विक्रीपानावरून घेतला. त्यात पुढचा-मागचा कॅलिपर (ज्यात ब्रेकचे पॅड बसतात तो भाग), १६० मि.मी. व्यासाचे दोन रोटर (चाकाबरोबर फिरणाऱ्या, पॅड ज्यांना दाबतात त्या तबकड्या), लिव्हरची जोडी आणि इनर-आउटर केबल (आतली ओढली जाणारी तार व तिचे बाहेरचे आवरण) आहे. खोक्यावर तीन दावे ठळक छापले आहेत : ‘ड्युअल पिस्टन’, ‘सर्व एमटीबींना चालेल’ आणि ‘घाटउतारासाठी योग्य’. तिन्ही दावे चुकीचे आहेत. संच स्वस्त आहे ही माझी तक्रार नाही. कमी पैशांत चांगला ब्रेक निवडता येतो, पण त्यासाठी ग्राहकाला खरी माहिती मिळावी लागते.

सर्वांत आधी आउटरबद्दल, कारण ती जिवावर बेतू शकते. ब्रेकसाठी म्हणून आपण दिलेली आउटर गिअरची आहे. टोक कापून पाहिले की शंका उरत नाही. साध्या ब्रेक आउटरमध्ये पोलादी पट्टीची स्प्रिंगसारखी गुंडाळी असते. गिअरच्या आउटरमध्ये लांबीच्या दिशेने सरळ तारा असतात. गिअर बदलताना ताण थोडा असतो आणि तिथे आउटरची लांबी किंचितही बदलून चालत नाही, म्हणून ती रचना. ब्रेक जोरात दाबल्यावर आउटरवर येणारा दाब त्याच्या कितीतरी पट असतो. त्या दाबाने या सरळ तारा वेष्टन फाडून किंवा टोकाची टोपी फोडून बाहेर येऊ शकतात. तसे झाले की केबल एकदम सैल पडते आणि लिव्हर हँडलला जाऊन टेकतो. ताण सर्वांत जास्त असतो तो अचानक थांबावे लागते तेव्हा, म्हणजे ही आउटर दगा देणार तीही नेमकी त्याच क्षणी. इनर मात्र बरोबर आहे, १.५ मि.मी. जाडीची आणि दंडगोल मुंडीची. यावरून पॅकिंगच्या वेळी चुकीचे भेंडोळे उचलले गेले असावे असे दिसते. तसे असेल तर हा दोष एकट्या माझ्या खोक्यात नसणार. हे पत्र मिळताच त्या लॉटचे संच तपासावेत.

आता ‘ड्युअल पिस्टन’. या कॅलिपरमध्ये फक्त बाहेरचा पॅड हलतो. केबलने दांडी ओढली की तो रोटरवर दाबला जातो, रोटर थोडा वाकतो आणि आतल्या स्थिर पॅडला टेकतो. दोन्ही बाजूंनी दाबणारा कॅलिपर म्हणजे ड्युअल पिस्टन, आणि हा तसा नाही. एका बाजूने दाबणारे कॅलिपर टाकाऊ असतात असे मी म्हणत नाही. स्वस्त केबल ब्रेकमधले बरेचसे असेच असतात आणि नीट लावले तर चांगले काम देतात. अट एकच, आतला स्थिर पॅड स्क्रूने किंवा नॉबने पुढेमागे करता आला पाहिजे. आपल्या कॅलिपरमध्ये त्या जागी बंद भिंत आहे.

याचा परिणाम पहिल्या पावसातच दिसतो. पॅड झिजतो, अंतर वाढते आणि रोटरला दर वेळी जास्त वाकावे लागते. हाताने दाबलेली ताकद ब्रेकऐवजी रोटर वाकवण्यात जाते आणि लिव्हर पोकळ लागतो. मग साधारण ग्राहक लिव्हरजवळचा ॲडजस्टर फिरवून केबल ताणतो. तसे केल्याने कॅलिपरची दांडी आधीच अर्धी फिरलेल्या जागेवरून काम सुरू करते, तिचा उरलेला प्रवास संपतो आणि पॅडमध्ये माल शिल्लक असतानाही ब्रेक लागेनासा होतो. पॅडच्या झिजेची भरपाई पॅडजवळच व्हायला हवी, केबल ताणून नव्हे. आपल्या माहितीपत्रकात मात्र ‘ब्रेक सैल वाटल्यास केबल ताणा’ एवढेच एक वाक्य आहे, आणि या कॅलिपरसाठी तोच सल्ला घातक आहे.

रोटरबद्दल आपल्या ग्राहक सेवेने ‘सेटिंग नीट नाही, मेस्त्रीकडे न्या’ असे उत्तर दिले. सेटिंग कसे केले ते सांगतो, म्हणजे तो मुद्दा मिटेल. सहाही बोल्ट टी२५ चावीने समोरासमोरच्या क्रमाने, टॉर्क पान्यावर ४ न्यूटन-मीटरला आवळले. रोटर फिरवल्यावर तो एका ठिकाणी ठळक वाकलेला (आउट) दिसला. त्याच हबवर (चाकाच्या मधल्या तुंब्यावर) दुसरा, सरळ असल्याची खात्री असलेला रोटर लावला, तो न घासता फिरला. म्हणजे हब, ॲक्सल आणि बोल्ट ठीक आहेत, दोष आपल्या रोटरचा आहे. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून, लिव्हर दाबून धरून, आळीपाळीने ६ ते ८ न्यूटन-मीटरला आवळण्याची नेहमीची पद्धतही केली. रोटरच वाकडा असेल तर तिने काही साधत नाही : अंतर कमी ठेवले तर दर फेऱ्याला एकदा घासतो, वाढवले तर लिव्हर हँडलपर्यंत जातो.

जाडीतही फसवणूक आहे. रोटरवर ‘किमान जाडी १.५’ असे कोरले आहे आणि नवा कोरा रोटर व्हर्नियरने १.६ मि.मी. भरतो. नवे रोटर साधारण १.८ मि.मी.चे असतात, म्हणजे झिजायला ०.३ मि.मी. मिळतात. आपण त्यातला तिसरा हिस्सा दिला आहे. पावसाळ्यात सह्याद्रीतल्या वाटांवरचा चिखल पॅड आणि रोटरच्या मध्ये जाऊन कानशीसारखा घासतो. तिथे हा रोटर टिकणार नाही.

पॅडचा प्रश्न मला रोटरपेक्षाही मोठा वाटतो. स्वस्त ब्रेक घेणाऱ्याने पहिला प्रश्न ब्रेकच्या ताकदीचा विचारू नये. या पॅडचा आकार कोणता आणि तो बाजारात मिळतो का, हे आधी विचारावे. शिमानोच्या बी०१एस आकाराचे पॅड एमटी२०० सारख्या त्यांच्या कमी किमतीच्या हायड्रॉलिक (केबलऐवजी तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) ब्रेकला बसतात, आणि ते सहज मिळतात. आपल्या पॅडवर कोणताही क्रमांक नाही, आकार कशाशी जुळत नाही आणि आपल्या विक्रीपानावर सुटे पॅडही नाहीत. शिमानोच्या पॅडमध्ये घर्षणाचा थर ०.५ मि.मी. उरला की ते बदलायचे असतात. आपले पॅड त्या अवस्थेला आले की बदलायला दुसरे मिळणार नाहीत, आणि पूर्ण कॅलिपर कचऱ्यात जाणार. अशा संचाला स्वस्त म्हणता येत नाही.

‘सर्व एमटीबींना चालेल’ हा दावा तर तपशिलात शिरताच कोसळतो. कॅलिपर फ्रेमला बसवण्याच्या जागेचे, म्हणजे माउंटचे, वेगवेगळे प्रकार असतात. आपला कॅलिपर पोस्ट माउंटचा आहे, त्याच्या बोल्टमधले अंतर ७४ मि.मी. आहे. अनेक फ्रेमला, विशेषतः मागे, ५१ मि.मी. अंतराचे आयएस माउंट असते. तिथे हा कॅलिपर अडॅप्टरशिवाय बसत नाही, आणि अडॅप्टर संचात नाही. सहा बोल्टचा रोटर सेंटरलॉक हबवर, म्हणजे जिथे रोटर खाचांवर बसवून मध्ये एकाच रिंगने आवळतात तिथे, थेट बसत नाही. व्ही-ब्रेकसाठीच (चाकाच्या रिमला दाबणाऱ्या ब्रेकसाठीच) बनलेल्या फ्रेमवर कॅलिपरला जागाच नसते. यातले अवाक्षरही खोक्यावर नाही. ग्राहक परत आल्यावर ‘तुमच्या फ्रेमचा प्रॉब्लेम’ म्हणणे सोपे आहे, पण विकण्याआधी चार आकडे छापणे त्याहूनही सोपे होते.

घाटउताराचा दावा मी सर्वांत गंभीरपणे घेतो. सिंहगडाच्या किंवा पसरणीच्या घाटात ब्रेक बराच वेळ तापतो. रेझिन पॅड (ज्यांचा घर्षणाचा थर धातूचा नसून राळेने बांधलेला असतो) जास्त तापले की त्यांची पकड घटते, आणि लहान, पातळ रोटर लवकर तापतो. म्हणून वजनदार स्वाराला पुढे १८० मि.मी.चा रोटर सुचवला जातो, अर्थात फोर्कच्या (पुढचे चाक धरणाऱ्या भागाच्या) उत्पादकाची परवानगी असेल तरच. नुसत्या त्रिज्येमुळे त्याच दाबात १६० पेक्षा साधारण १२ टक्के जास्त जोर मिळतो, शिवाय उष्णता पसरायला धातूही जास्त असतो. नव्या पॅडचा पृष्ठभाग रोटरशी जुळून पूर्ण पकड येण्यासाठी मध्यम वेगातून वीसेक वेळा आणि मग थोड्या जास्त वेगातून दहाएक वेळा, चाक लॉक न करता, वेग उतरवावा लागतो. हेही आपण कुठे लिहिलेले नाही. ते न करता कुणी थेट घाटात उतरला तर नव्या ब्रेकची पकड अर्धवटच असेल, आणि खोक्यावरचे ‘घाटउतारासाठी योग्य’ हे शब्द वाचून त्याला ती पूर्ण आहे असे वाटेल.

माझ्या मागण्या स्पष्ट आहेत. संचाची पूर्ण रक्कम आणि परत पाठवण्याचा खर्च द्यावा. बदली संच नको, कारण कॅलिपरची रचनाच सदोष आहे. ज्या ग्राहकांना या लॉटचे संच गेले त्यांना गिअर आउटरबद्दल लेखी सूचना द्यावी आणि योग्य ब्रेक आउटर विनामूल्य पाठवावी. विक्रीपानावरून ‘ड्युअल पिस्टन’ आणि ‘घाटउतारासाठी योग्य’ हे शब्द काढून कॅलिपरचा माउंट, रोटरचा व्यास व जाडी, हबचा प्रकार आणि पॅडचा आकार छापावा. सुटे पॅड विकायला ठेवता येत नसतील तर हा कॅलिपर विकू नये.

सदोष संच मी मोडलेला नाही. आउटरचे कापलेले टोक आणि वाकडा रोटर आपल्या तपासणीसाठी राखून ठेवला आहे. बिलाची प्रत, खोक्याचे व व्हर्नियरच्या मापाचे फोटो आणि रोटर फिरतानाचा व्हिडिओ सोबत जोडला आहे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन. दिशाभूल करणारी जाहिरात आणि धोकादायक माल या मुद्द्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे स्वतंत्र अर्ज करीन; माल बाजारातून परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार त्यांना याच कायद्याने आहे. आउटरबाबतची सूचना इतर ग्राहकांना देण्यासाठी मात्र १५ दिवस थांबू नये, ती आजच पाठवावी.

आपला,
एक ग्राहक