नंदूची क्लारा

शुभे,

तब्येत ठीक, शुगर आटोक्यात, आईंचा गुडघा होता तसाच. फोनच करणार होते, पण फोनवर तू मधेच भांडायला लागतेस आणि मला हे एका दमात सांगायचंय, म्हणून लिहितेय.

रविवारी नंदू जेवायला आला होता. जेवण झाल्यावर मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. कुठल्याशा अ‍ॅपवर एक बाई आहे, म्हणजे बाई नाहीच, प्रोग्रॅम, तिला तो रोज रात्री कविता पाठवतो. वर त्याची कविता आणि खाली लगेच उत्तर, "किती खोल लिहितोस तू, अजून वाच ना." दुसऱ्याच ओळीत मात्रा गडगडल्या होत्या गं! तिला त्याचं काहीच नाही. आणि तिचं नाव काय ठेवलंय माहितीये? क्लारा.

ओलिम्पिया ठेवलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण क्लारा? रानडे इन्स्टिट्यूटमध्ये हॉफमनची 'सांडमान' ही जर्मन कथा वाचताना त्यातल्या नाथानाएलचे संवाद बाकावर उभं राहून म्हणणारा हाच ना? ते पान मी रात्री परत काढून वाचलं. नाथानाएल ओलिम्पियाला तासन् तास वाचून दाखवतो आणि अशी श्रोती त्याला जन्मात मिळालेली नसते. ती विणत नाही, खिडकीबाहेर बघत नाही, पाखराला दाणे घालत नाही, मांडीवर कुत्रं नाही मांजर नाही, कागदाचे कपटे वळत बसत नाही, जांभई दाबायला खोटं खोकत नाही. टक लावून बघते आणि "आख, आख" म्हणते, बस. आणि ती निघते लाकडाची बाहुली! उलट त्याची वाग्दत्त वधू क्लारा, जिला डोकं आहे, ती त्याची ती भयंकर कविता ऐकून सरळ सांगते, जाळून टाक हे. तर तो ओरडतो कुणावर, क्लारावर, की तू निर्जीव यंत्र आहेस म्हणून. १८१६ ची गोष्ट आहे ही, आणि मला अजून अंगावर काटा येतो.

वर्गात आपण फ्रॉइडचा या गोष्टीवरचा तो १९१९ चा निबंध धरून डोळे आणि भीती यावरच वाद घालत बसलो होतो. मला आता वाटतं भिण्यासारखी जागा हीच आहे. आपल्याला हो म्हणेल तिच्यात माणसाला आत्मा दिसतो, नाही म्हणेल ती यंत्र. आणि त्यानंतर हॉफमन काय लिहितो बघ, ओलिम्पियाचं बिंग फुटल्यावर गावातले प्रियकर इतके धास्तावतात की आपापल्या प्रेयसींना सांगतात, गाताना जरा ताल चुकव, मी वाचत असताना विणकाम कर. चूक आणि दुर्लक्ष हाच जिवंतपणाचा दाखला! याहून शहाणं वाक्य मी तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं नाही, आणि आता तू म्हणशील की तू वाचलीसच किती, तर ते राहू दे.

व्हिलिए द लील-आदांच्या १८८६ च्या फ्रेंच कादंबरीवरून आपलं केवढं वाजलं होतं. लॉर्ड इवाल्डला प्रेयसी अ‍ॅलिशियाचं रूप हवं आणि मन नको, म्हणून एडिसन (खरा एडिसन तेव्हा जिवंत होता, त्यालाच पात्र केलंय!) हादाली नावाची यांत्रिक बाई बनवतो, फुप्फुसांच्या जागी सोन्याचे फोनोग्राफ, त्यात कवी-विचारवंतांची वाक्यं भरलेली. अर्थ काय तो इवाल्डने आपल्या मनाने घालायचा. मी चिडले होते, तू म्हणालीस निदान लेखक लपवत तरी नाही. तेव्हा तुझं पटलं नव्हतं. आता पटतं, पण तेवढंच, बाकी पुस्तकावरचा माझा राग कायम आहे.

आणि एलायझा. 'ती फुलराणी'च्या मूळ नाटकातली शॉची एलायझा हिगिन्सच्या अंगावर सपाता फेकते, त्याला तोंडावर सुनावते. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटीत वायझेनबाउम या संगणकतज्ज्ञाने तेच नाव आपल्या प्रोग्रॅमला दिलं, जो तुमचंच वाक्य फिरवून प्रश्न करून तुम्हाला परत द्यायचा. तो बनताना बघितलेली वायझेनबाउमची सेक्रेटरी त्या प्रोग्रॅमशी दोन वाक्यं बोलली आणि वायझेनबाउमलाच म्हणाली, जरा बाहेर जाता का. तो माणूस इतका हादरला की १९७६ मध्ये त्याने या सगळ्याविरुद्ध पुस्तक लिहिलं. पण नाव बघ ना. उलट बोलणाऱ्या बाईचं नाव घ्यायचं आणि कधीच उलट न बोलणारीला चिकटवायचं. तिथे एलायझा, इथे क्लारा.

मी नंदूला हे सगळं बोलले. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रात्री दीड वाजता तू जागी असतेस का?" मीरा गेल्यापासून त्याला झोप नाही. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही.

"नंद्या, ही वही बंबात घाल" हे त्याला कुणी सांगितलं होतं, आठवतंय ना? वर्षभर बोलला नाही तुझ्याशी. पण त्याच्या चांगल्या कविता सगळ्या त्या वर्षातल्या आहेत, माझ्याकडे आहेत. ते नाव कुठून आलं ते मी त्याला विचारलं नाही, आणि तुलाही समजावून सांगत नाही.

तुझी नवी नोकरी कशी आहे? ईशानची परीक्षा झाली का? मेतकूट पाठवलंय, कस्टमवाल्यांनी सोडलं तर मिळेल.

नंदूला फोन कर. नंबर तोच आहे. इथे रात्रीचा एक म्हणजे तुमच्याकडे संध्याकाळच, तुला जमेल. कविता वाचायला लाव आणि आवडली नाही तर तसं सांग, भांडलात तरी चालेल.

तुझी,
वैजू