सावरकरांबद्दल तुझ्या मुलाला

रत्नागिरी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

फोनवर नीट बोलता आलं नाही. तुझ्या मुलाने विचारलं, "सावरकर आपल्या रत्नागिरीत राहायचे ना? कसे होते?" आणि तू गप्प झालास. ते मनातून जाईना, म्हणून काल पतितपावन मंदिरात जाऊन बसलो.

अंदमानात कोलू ओढून आलेल्या माणसाला सरकारने १९२४ मध्ये सोडलं ते दोन अटींवर: जिल्ह्याबाहेर जायचं नाही, राजकारण करायचं नाही. मग १९३७ पर्यंत त्यांनी इथे जातपातीलाच हात घातला. शाळेत वेगळी बसवलेली अस्पृश्यांची मुलं इतरांच्या रांगेत बसावीत म्हणून ते झगडले, सहभोजनं घातली. १९३१ मध्ये भागोजीशेठ कीरांच्या पैशातून हे देऊळ उघडलं, सगळ्या जातींच्या हिंदूंसाठी. आमची पणजी तेव्हाच्या एका सर्वजातीय हळदीकुंकवाला गेली होती. घरी परतल्यावर तिला मागच्या दारी, विहिरीवर, लुगड्यासकट आंघोळ घातली आणि मगच आत घेतलं. पुढच्या वर्षी ती पुन्हा गेली. आजी हे सांगताना दर वेळी पदर सावरून बसायची. त्या पणजीचा मला अभिमान आहे, आणि तिला घराबाहेर पडायचं बळ देणाऱ्या सावरकरांचं ऋणही मी मानतो.

पण तुला अर्धंच कसं सांगू? १९२३ च्या 'हिंदुत्व' पुस्तकात त्यांनी हिंदू कोण ते ठरवलं: ज्याची पितृभू (वाडवडिलांची भूमी) हीच आणि पुण्यभूही (धर्माची पवित्र भूमी) हीच, तो. १९३७ मध्ये अटी उठल्या, ते हिंदुमहासभेचे अध्यक्ष झाले आणि अहमदाबादेत म्हणाले की या देशात हिंदू आणि मुसलमान अशी दोन राष्ट्रं आहेत. पुढे गांधीहत्येच्या खटल्यात ते आरोपी होते, १९४९ मध्ये निर्दोष सुटले. मला मात्र त्या 'पुण्यभू'पाशीच अडायला होतं. तुझे आजे-पणजे भाट्याच्या खाडीत होड्या वल्हवत गेले, राजीवड्याच्या मातीत निजलेत. पितृभू तर तुझी माझ्याइतकीच. नमाजाला तोंड मक्केकडे करतोस एवढ्यावर तू परका? हे मला कधीच पटलं नाही, पटणार नाही.

पोराला दोन्ही सांग, काही लपवू नकोस. मे महिन्यात याल तेव्हा त्याला आधी देवळाच्या पायऱ्या दाखवू, मग अब्बांच्या कबरीवर जाऊ. गेल्या पावसात तिथली एक बाजू खचली होती, मी चिरे लावून घेतलेत.

वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझाच