कीबोर्डला हात न लावणाऱ्या ताईंना

ताई,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं ताई. पण आभार चारचौघांतच मानायचे होते. चालता प्रोग्रॅम मध्येच थांबवून त्यालाच प्रश्न विचारायचे, हे बहुतेकांना कोणी बसून शिकवत नाही. प्रिंटच्या ओळी पेरायच्या, आउटपुट चाळायचं आणि अंदाज बांधायचा, यावरच वर्षानुवर्षं निभावतं.

पायथॉनमधल्या प्रोग्रॅममधला तो बग, म्हणजे ती चूक, तुम्हाला आठवत असेल. एका ग्राहकाच्या यादीत दुसऱ्याच्या नोंदी येत होत्या. प्रिंट लावल्यावर यादी चुकलीय एवढं दिसायचं. कुठे बिघडली ते शोधायला आणखी एक प्रिंट, की पुन्हा सगळं पहिल्यापासून. तुम्ही शेजारी खुर्ची ओढलीत आणि फंक्शनच्या सुरुवातीलाच ब्रेकपॉइंट() लिहायला सांगितलंत. ती ओळ आली की प्रोग्रॅम थांबतो आणि पीडीबी, म्हणजे पायथॉनचं चुका शोधायचं साधन, आपल्या आज्ञांची वाट बघतं. पहिला ग्राहक जाऊ दिला. दुसऱ्याला प्रोग्रॅम थांबला तेव्हा म्हणालात, "आता ए टाइप कर." आर्ग्युमेंट्स, म्हणजे फंक्शनच्या हाती आलेली मूल्यं, समोर आली. पुढची एकही ओळ अजून चालली नव्हती, आणि यादीत आधीच्या ग्राहकाच्या नोंदी हजर!

मग यू देऊन एक फ्रेम वर, म्हणजे हे फंक्शन जिथून बोलावलं तिथे, गेले. कॉल करणाऱ्या कोडने यादी पाठवलेलीच नव्हती. उरली फक्त डेफची, म्हणजे फंक्शनची व्याख्या करणारी ओळ, आणि तिथे डीफॉल्ट म्हणून रिकामी यादी लिहिलेली. पायथॉन ती यादी डेफ चालते तेव्हा एकदाच बनवतं आणि दुसरी दिली नाही तर दर कॉलला तीच वापरतं. डीफॉल्ट नन (म्हणजे 'काहीच नाही') करून यादी आत बनवली, की संपलं. दुरुस्ती दोन ओळींची होती. तुम्हाला ती पहिल्या मिनिटालाच दिसली असणार, तरी तुम्ही गप्प राहिलात. कोड कोणी लिहिला हेही विचारलं नाहीत. माझ्या लेखी खरी मदत तीच.

बाकीच्या खुब्या तुम्ही जाता जाता सांगितल्यात. पीडीबी बाणाने दाखवतं ती ओळ अजून चाललेली नसते, ती चालणार असते. हजारो फेऱ्यांच्या लूपमध्ये दरवेळी थांबायचं नसतं, ब्रेकपॉइंटला अट जोडायची. व्हेरिएबलचं नाव एन असेल तर नुसतं एन टाइप केलं की पीडीबी त्याला आज्ञा समजून पुढच्या ओळीवर जातं, म्हणून मूल्य बघायला आधी पी लावायचा. (एकअक्षरी नावांविरुद्ध याहून सबळ पुरावा मला अजून मिळालेला नाही.)

एक इशारा मात्र तुम्ही दोनदा दिलात. थांबलेल्या प्रोग्रॅममध्ये आपण नुसते बघे नसतो. तिथे एखादं फंक्शन बोलावलं तर ते खरोखर चालतं, डेटाबेसमध्ये लिहीत असेल तर लिहितं. जनरेटरमध्ये (तो मागेल तसं एकेक मूल्य देतो) काय आहे ते बघायला त्याची यादी केली, तर तो रिकामा होतो आणि पुढच्या कोडच्या हाती काहीच उरत नाही. शिवाय प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी अनेक थ्रेड, म्हणजे कामाचे धागे, चालू असतील तर पीडीबी एकच अडवतं, बाकीचे आपले चालूच. वेळेच्या शर्यतीतून येणारे बग त्यामुळे थांबवताच गायब होऊ शकतात. तिथे लॉगच, म्हणजे प्रोग्रॅमने चालताना लिहिलेल्या नोंदीच, बरा, हे तुमचं मत मला पटलंय.

ब्रेकपॉइंट() 2018 च्या पायथॉन 3.7 पासून आलं. त्याआधी पीडीबी इम्पोर्ट करून सेट-ट्रेस लिहायचे, आणि तुमची बोटं अजून तिकडेच वळतात हे मी पाहिलंय! आता तुम्हाला द्यायला माझ्याकडेही काही आहे: पायथॉन 3.14 मध्ये पीडीबीला डॅश पी आणि प्रोसेस क्रमांक दिला, की आधीपासून चालू असलेल्या प्रोग्रॅमला जोडून घेता येतं. कोडमध्ये ओळ घालायला नको, रीस्टार्टही नको. परवानगी तेवढी लागते. पुढच्या वेळी तुम्ही कीबोर्ड घ्या, मी शेजारी बसते.

तुमची,
पलीकडच्या टेबलावरची