गाण्याखाली लिहायच्या दोन ओळी

सांगली, रविवार

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तू मागितलेल्या ओळी लिहायला बसले, पण दोन ओळींत एकही गाणं मावेना. म्हणून हे पत्र. तू रेकॉर्ड करतेयस त्या माझ्या प्रत्येक गाण्याखाली ‘हे कुठून सुचलं’ ते द्यायचं, ही तुझी कल्पना मला मनापासून पटली. पण त्याच निरोपात तू लिहिलंस की तुझ्या ओळखीतल्या कुणीतरी सल्ला दिलाय: सगळी गाणी एकाच बाजाची करा. अभंग, लावणी, गझल, रॅप असं सगळं शेजारी शेजारी टाकलं तर तुम्ही नक्की कोण, ते लोकांना समजत नाही म्हणे. यावर मला आधी बोलायचंय. तुझ्या प्रश्नाचं उत्तर आणि या सल्ल्याचं उत्तर एकच आहे.

मी बाज ठरवून लिहीत नाही गं. माझ्या प्रत्येक गाण्याचं ध्रुवपद कुणाच्या तरी तोंडून आलेलं आहे. बहुतेक वेळा एसटीत कंडक्टरच्या ड्यूटीवर असताना, कधी स्टँडवर. माणूस बोलताना कुठं थांबतो, कुठला शब्द दोनदा म्हणतो, कुठं श्वास घेतो, त्यातच चाल असते. तिकीट देऊन मी पुढं सरकते, पण ते वाक्य डोक्यात राहतं. मुक्कामाच्या गाडीला रात्री ड्रायव्हर झोपला की मी ते फोनमध्ये गुणगुणून ठेवते. आता ज्या बाईचं बोलणं लावणीच्या ठसक्यात आलं, तिला अभंगात बसवायची कशी? बाज एकच करायचा तर आधी माणसं एकसारखी बोलायला हवीत.

आता एकेक सांगते.

पुराचा अभंग. ऑगस्ट 2019 तुला वेगळा सांगायला नको, तू अकरावीला होतीस. आपण शाळेतल्या निवारा केंद्रात वर्गाच्या भिंतीला टेकून बसलो होतो आणि त्या दिवसांत अख्ख्या सांगलीच्या तोंडी एकच प्रश्न होता: ‘किती फूट?’ चहा देणारा पोरगा आला की, किती फूट? कुणाचा फोन आला की, हॅलोच्या आधी, किती फूट? आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 1929 सालचा तो पूल, आणि सांगलीत पाणी मोजायचं म्हणजे त्याच्याच मापानं. संध्याकाळी गावभागातल्या म्हाताऱ्या हरिपाठाला बसायच्या. टाळ घरी पाण्यात राहिलेले, म्हणून नुसत्या टाळ्या. टाळ्या वाजवता वाजवता एखादी दारातून आत येणाऱ्याकडं बघायची आणि हरिपाठ न थांबवता हाताच्या खुणेनंच विचारायची, किती?

मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि मग चार अक्षरं. ते शेवटचं चार अक्षरांचं पाऊल आखूड पडतं आणि तिथंच सगळं वजन येतं. ‘किती फूट’ ही नेमकी चार अक्षरं. मला काही करावंच लागलं नाही.

पायरी पायरी
चढे कृष्णामाई
विचारते आई
किती फूट

यात आणखी एक गोष्ट होती. घरात शिरलेल्या नदीला त्या केंद्रात कुणी शिवी दिली नाही. भांडी गेली, गाद्या गेल्या, म्हशी सोडून द्याव्या लागल्या, तरी बोलताना ती ‘कृष्णामाई’च राहिली. रागावलेल्या आईपुढं उभं राहावं तशी माणसं उभी होती. देवाशी भांडायची आणि त्याच दमात पाया पडायची सोय आपल्याकडं अभंगातच आहे. म्हणून तो अभंग झाला. तू त्यात मागं ठेवलेला चेलो राहू दे, छान लागतो. टाळ मात्र घालू नकोस. टाळ्याच हव्यात, आणि त्या थोड्या मागंपुढं पडू देत. मशीनवर सरळ करू नकोस.

गझल विट्याच्या गाडीतली. खानापूर, आटपाडी, तासगाव या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली आहेत. सोनं-चांदी मुशीत वितळवून शुद्ध करायची, हे त्यांचं काम. केरळपासून पंजाबपर्यंत कुठल्याही सराफ बाजाराच्या बोळात विट्याकडचं मराठी ऐकू येतं. त्या दिवशी मधल्या सीटवर एक बाई फोनवर नवऱ्याशी बोलत होती. गाडी भरलेली. मी मशीन घेऊन पुढं-मागं करत होते आणि प्रत्येक फेरीला तिचं एकच वाक्य कानावर पडायचं. ‘उकडतंय का तिकडं?’ मी मागं जाऊन आले. ‘भाजी कोण करतंय तिकडं?’ परत गेले, परत आले. ‘मग दिवाळीला काय, तिकडंच?’ आधीचं-नंतरचं मला काहीच माहीत नाही.

गझलेचा प्रत्येक शेर स्वतंत्र असतो. आधीच्या शेराशी त्याचं नातं नसलं तरी चालतं. शेवटी पुन्हा पुन्हा येणारा रदीफ सगळ्यांना एका दावणीला बांधतो. माझ्या कानावर पडलं ते असंच तुकड्यातुकड्यांनी, आणि रदीफ तिनंच देऊन ठेवला होता.

पाऊस इथे पडला नाही, विहिरीत न उरला ओलावा
तू एवढेच तर सांग मला, आभाळ कसे आहे तिकडे

तिच्या तोंडचं ‘तिकडं’ मी ‘तिकडे’ केलं, कारण मतल्यापासून, म्हणजे पहिल्या शेरापासून, सगळी भाषा तशीच धरली होती. पण गाताना तुझं ‘तिकडं’ झालं तर अडवू नकोस. मला ते जास्त आवडेल. आणि हे गाणं सावकाश घे. फोनवर पलीकडचा माणूस लगेच उत्तर देत नाही, तेवढी जागा प्रत्येक ‘तिकडे’नंतर सोड.

लावणीचं श्रेय तासगावच्या एका आजींना. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्यानंतरची गोष्ट. आजोबा खिडकीशी बसलेले, आजी कडेला. मी दोन तिकिटं दिली, एक पूर्ण, एक अर्धं. आजींनी दोन्ही हातात घेतली, चष्मा वर करून बघितली आणि मोठ्यानं म्हणाल्या, “तुमचं पुरं न् माझं अर्धं. मग मला बसायला जागा तरी पुरी द्या की!” आजोबा हसत आत सरकले आणि सगळी गाडी हसली.

तुमचं पुरं न् माझं अर्धं, हिशेब आता कसा
राया, जरा सरकून बसा

लावणी म्हणजे बोलायचं एकाला आणि ऐकवायचं अख्ख्या फडाला. आजींनी तेच केलं. गाडी हा त्यांचा फड होता आणि त्यांना तो पुरता कळला होता. लोकांना लावणी म्हटलं की नुसती अदा आठवते. मला तिच्यातला हजरजबाबीपणा जास्त मोठा वाटतो. आपला वाळवा तालुकाच घे. रेठरे हरणाक्षच्या कुलकर्ण्यांच्या घरातला श्रीधर तमाशाच्या फडात गेला आणि पठ्ठे बापूराव झाला. घरदार, जात, मान सगळं मागं टाकून माणूस ज्या रचनेच्या मागं गेला, तिच्यात नुसता नखरा असेल का? या गाण्याला ढोलकी खरी हवी. कीबोर्डमधली चालणार नाही. ढोलकीवाला आजींच्या वाक्याला उत्तर देतो, कीबोर्ड देत नाही.

रॅपचं तू मला विचारलंस तेव्हा तुलाच आश्चर्य वाटलं होतं. मला मुळीच वाटलं नाही. विट्यात यंत्रमाग आहेत. रातपाळी करून पहिल्या गाडीला येणारा एक पोरगा असायचा. बसला की डोळे मिटायचा आणि बोटं पुढच्या सीटच्या दांडीवर वाजवत राहायचा. चार ठोके, परत चार ठोके, मध्ये खंड नाही. मी एकदा विचारलं, झोप येत नाही का रे? डोळे न उघडता म्हणाला, “मावशी, झोपलो तरी चालूच असतंय कानात.” चार माग सांभाळायचा तो. मागाच्या आवाजात काम करणारी माणसं मोठ्यानं आणि तोडून बोलतात, कारण लांब वाक्य पलीकडं पोचतच नाही. त्याचं बोलणं आधीच तसं होतं, मी फक्त यमक जुळवलं.

धोटा इकडं, धोटा तिकडं, सूत तुटलं, गाठ मार
झोपलो तरी चालूच, चालूच, कानात चालू माग चार

1973 च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये दोन तबकड्या लावून गाण्यातला नुसता ठेक्याचा तुकडा परत परत वाजवायला लागले आणि त्यावर माणसं बोलायला लागली, हे तूच मला सांगितलंस. मग ही गोष्ट विट्याला परकी कशी म्हणायची? ठेका न थांबता चालू आहे आणि माणूस त्यावर आपलं बोलून घेतोय. या गाण्यात तू खऱ्या मागाचा आवाज घेणार आहेस ना? घे, पण मालकाला विचारून घे.

आटपाडीकडच्या धनगरी ओवीबद्दल फार लिहीत नाही. मेंढरं घेऊन निघालेला माणूस रस्त्याकडेला गाडीची वाट बघत ‘हुईईई’ करून कळपाला साद घालत होता, तेवढी साद मी घेतली. शब्द अजून कच्चे आहेत. ते गाणं यात टाकूच नको.

त्याच आटपाडी तालुक्यात शेटफळे आहे, गदिमांचं गाव. एकाच बाजाचा सल्ला देणाऱ्या तुझ्या त्या ओळखीच्याला हे सांग. 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक अशी ‘गीतरामायणा’ची 56 गीतं ज्या लेखणीतून आली, त्याच लेखणीनं लावणी लिहिली, बालगीतं लिहिली, भक्तिगीतं लिहिली. ऐकणाऱ्यांना ते कोण, हा प्रश्न कधी पडला नाही. माणदेशातल्या माणसांची बोली त्यांच्या कानात पक्की होती, म्हणून तर प्रत्येक साचा त्यांच्या हाताला आला.

आता राहिलं मिरजेचं. ज्याला तू ‘बिनतालाचं’ म्हणतेस ते.

जुना तानपुरा जवारी काढायला, म्हणजे तारेचा गुंजारव नीट लावून घ्यायला, मी मिरजेला दिला होता, आठवतं? 2024 साली मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले. त्याआधीपासून मी त्या दुकानाशी रेंगाळत असे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले भोपळे छताला टांगलेले, खाली लाकडाचा भुसा. कारागीर मांडी घालून बसले, तारा सैल केल्या आणि घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, अगदी हलक्या हातानं कानस फिरवली. फुंकर मारली. तार चढवली, तिच्याखाली सुताचा धागा सरकवला, छेडली. ऐकलं. मान हलवली आणि म्हणाले, “अजून बोलत नाही.” पुन्हा तार उतरवली, पुन्हा कानस. धागा केसभर पुढं, केसभर मागं. ‘अजून बोलत नाही.’ त्या आवाजात चिडचिड नव्हती, घाईही नव्हती. तार बोलणार आहे हे त्यांना ठाऊक होतं. ती कुठं अडली आहे तेवढंच ते शोधत होते. मग एकदा छेडली आणि तो गुंजारव खोलीभर पसरला. काहीच न बोलता त्यांनी तानपुरा माझ्याकडं सरकवला.

त्या वर्षी तू नुकतीच पुण्याला गेली होतीस. फोन केला की ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’. काहीतरी अडलंय हे मला कळत होतं, काय ते कळत नव्हतं. मी फार विचारलंही नाही. येताना गाडीत ‘अजून बोलत नाही’ एवढंच घोळत होतं आणि मिरज ते सांगली येईपर्यंत मुखडा झाला. त्याला ताल लावून बघितला, पण ताल लागला की मागं लागल्यासारखं वाटायला लागलं. म्हणून नुसता तानपुरा. ते गाणं तुझं आहे, बाळा. हे तुला आज सांगते आहे. त्याच्याखाली मात्र फक्त मिरजेचं लिही, उरलेलं आपल्या दोघींत असू दे.

यावरूनच एक महत्त्वाचं. गाणं कुठून आलं ते सांगायचं, पण ज्याच्याकडून आलं तो माणूस ओळखू येता कामा नये. गझलेखाली ‘एसटीतला एक फोन’ एवढं पुरे. गाव नको, वार नको, कुठली गाडी ते नको. ती बाई नवऱ्याशी बोलत होती, आपल्याशी नाही. मागावरच्या पोराला मी गाणं ऐकवलंय, त्यानं ‘टाका की मावशी’ म्हटलंय, तरी त्याच्या मालकाचा उल्लेख नको. आजी पुन्हा भेटल्या तर त्यांना विचारेन. तोवर ‘तासगावकडच्या एक आजी’ इतकंच. मिरजेच्या कारागिरांचं नाव द्यायला माझी ना नाही, पण त्यांना विचारायला मी स्वतः जाते. फोनवर विचारण्यातली गोष्ट नव्हे ही.

लावणीसाठी एकरकमी पैसे देऊन शब्द-चाल स्वतःच्या नावावर मागणाऱ्याला नको म्हणून कळव. लिहिलं त्या क्षणापासून हक्क लिहिणाऱ्याचा, 1957 च्या कायद्यानं तो माझ्या पश्चात 60 वर्षं राहतो, म्हणजे पुढं तुझाच आहे. रक्कम बरी होती हे मला मान्य आहे. तरी नको.

अभंग काळी चारमध्ये ठेव, वरच्या पट्टीत तुझा आवाज ताणतो आणि शब्द ऐकू येत नाहीत. लावणी हवी तर पांढरी पाचमध्ये घे. ढोलकीवाल्याचे पैसे रेकॉर्डिंगच्या दिवशीच हातात दे आणि त्याचं नाव आपल्या नावांच्या ओळीतच घाल, खाली बारीक अक्षरांत नको. पुढच्या शनिवारी मला सुट्टी आहे. सकाळच्या गाडीनं येते, येताना तानपुरा घेऊन येते.

तुझी,
आई