घरगुती स्नानमिठाच्या कृतीत सुगंधी तेलाचे माप छापावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या पुरवणीत दिवाळीच्या तोंडावर घरच्या घरी सुगंधी स्नानमीठ, म्हणजे बाजारात ज्याला बाथ सॉल्ट म्हणतात ते, तयार करण्याची कृती प्रसिद्ध झाली आहे. शोभिवंत बरणीतल्या मूठभर मिठासाठी दुकानात मोजावी लागणारी किंमत पाहता, ही वस्तू घरी करता येते हे सांगणे योग्यच आहे आणि त्याबद्दल लेखिकेचे आभारच मानायला हवेत. परंतु त्या कृतीत मिठाचे माप वाटीत दिलेले असताना सुगंधी तेलापुढे, म्हणजे बाजारात ज्याला इसेन्शियल ऑइल म्हणतात त्यापुढे, मात्र ‘आवडीनुसार’ एवढाच शब्द आहे. स्वयंपाकात ‘चवीनुसार मीठ’ चालते, कारण चुकले तर पहिल्या घासाला कळते. त्वचेला लागलेले तेल मात्र जास्त झाले हे कळेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. अनेक वर्षे रसायनशास्त्र शिकवलेले असल्यामुळे आणि सध्या बचत गटांतील भगिनींना अशा वस्तू करण्यास मदत करत असल्यामुळे हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटते.

मूळ अडचण अशी आहे की सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही आणि मिठातही विरघळत नाही. ते मिठाच्या खड्यांना केवळ बाहेरून चिकटून राहते. हे कोणालाही घरी पाहता येईल. काचेच्या पेल्यात कोमट पाणी घ्यावे, त्यात लव्हेंडर किंवा निलगिरीचे तेल चोळलेले चमचाभर मीठ टाकावे आणि पेला उजेडाकडे धरावा. खडे तळाशी जाऊन विरघळू लागतात, आणि त्यांच्यावरचे तेल बारीक थेंबांच्या रूपाने सुटून वर येते. थोड्याच वेळात पाण्याच्या पृष्ठभागावर, विशेषतः पेल्याच्या कडेने, त्याची चकाकणारी तवंगासारखी रेघ दिसते. खाली नुसते खारट पाणी आणि वर निव्वळ तेल, अशी ही स्थिती असते. मिठामुळे तेल पाण्यात ‘पसरते’ असे अनेक कृतींमध्ये लिहिलेले आढळते, ते खरे नाही. दुधाने ते मिसळते असेही सांगितले जाते, परंतु त्यानेही हे काम नीट होत नाही.

याचा परिणाम कसा दिसतो हे आमच्या गटातील एका भगिनीच्या पायांवर मी पाहिले आहे. तिने बाहेरून आणलेले, सुगंधी तेलाचा भडक वास असलेले मीठ टबात टाकून त्यात पाय बुडवले होते. पावलांना काहीही झाले नाही, पण पाण्याची पातळी पोटरीवर जिथे येत होती तिथे, एखादी दोरी बांधून काढावी तशी, लाल पट्टी उमटली आणि ती बरेच दिवस खाजत राहिली. तेल तरंगत होते तिथेच ते कातडीला लागले. आपल्याकडे बहुतेक घरांत बाथटब नसतो, बादलीतून तांब्याने अंगावर पाणी घेतले जाते, हे लक्षात घेतले तर धोका आणखी वाढतो. बादलीत असे मीठ टाकल्यावर वर तरंगणारे तेल पहिल्या एक-दोन तांब्यांतच येते, आणि ते डोक्यावरून कपाळावर व तिथून डोळ्यांत उतरते. परदेशी कृती जशीच्या तशी उतरवून घेताना आपली न्हाणी वेगळी आहे, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

म्हणून माझी सूचना अशी आहे की सुगंधी तेल प्रथम एखाद्या साध्या खाद्यतेलात मिसळावे आणि मगच ते मिठाला चोळावे. अर्धा किलो मिठासाठी चार छोटे चमचे, म्हणजे सुमारे २० मिलिलिटर, तिळाचे किंवा बदामाचे तेल घ्यावे आणि त्यात सुगंधी तेलाचे १० थेंबांपेक्षा जास्त घालू नयेत. एक मिलिलिटरमध्ये साधारणपणे २० थेंब बसतात असे धरले तर हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आसपास येते, आणि निरोगी प्रौढ व्यक्तीच्या त्वचेसाठी सौम्य तेलांच्या बाबतीत ते पुरेसे आहे. खोबरेल तेलही चालते, पण थंडीत ते गोठून मिठाच्या गुठळ्या होतात. हे मीठ बादलीत न टाकता पसरट प्लास्टिकच्या टबात चार-पाच लिटर कोमट पाणी घेऊन, त्यात दोन मोठे चमचे घालून, पंधरा मिनिटे पाय बुडवण्यासाठी वापरावे. तेल पातळ केले तरी तरंगतेच, फक्त दाह करण्याइतके तीव्र राहत नाही. त्यामुळे नंतर पाय पुसल्याशिवाय फरशीवर उभे राहू नये आणि टबातले पाणी ओतल्यावर मोरी साबणाने धुऊन घ्यावी, अन्यथा घरातील ज्येष्ठांचा पाय घसरण्याचा धोका राहतो.

तेल कोणते निवडावे यालाही तितकेच महत्त्व आहे. लवंग आणि दालचिनी यांची तेले त्वचेला फार झोंबतात, म्हणून ती या कामासाठी वापरूच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. गवती चहाचे तेल कोकणात सहज मिळते आणि त्याचा वासही प्रसन्न असतो, पण त्यातील सिट्रल या घटकामुळे काहींना पुरळ उठते, त्यामुळे ते वर सांगितलेल्या मापाच्या निम्मेच घ्यावे. लिंबाच्या सालीतून दाबून काढलेल्या तेलात असे घटक असतात की ते लागलेल्या जागी ऊन पडले तर कातडी भाजल्यासारखी होऊन डाग राहतात; सकाळी असे स्नान करून उन्हात कामाला जाणाऱ्या स्त्रीने ते टाळलेलेच बरे. निलगिरी, पेपरमिंट आणि कापूर यांचा वापर लहान बाळे असलेल्या घरात करू नये. भीमसेनी कापूर कुटून मिठात घालण्याची पद्धत अलीकडे बरीच रूढ झाली आहे, परंतु कापूर पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येतात, ही गोष्ट प्रत्येक आईला ठाऊक असायला हवी.

मोगरा आणि जाई यांच्याविषयीही थोडे सांगणे भाग आहे, कारण दिवाळीत सर्वाधिक मागणी त्यांनाच असते. या नाजूक फुलांचा सुगंध काढणे अतिशय खर्चिक असते. उत्तर भारतात कनौज, जौनपूरकडे परंपरेने तिळाचे आणि चमेलीच्या फुलांचे थरावर थर रचून, फुले पुन्हा पुन्हा बदलून, वासाने भरलेले तीळ घाण्यावर दाबून फुलेल, म्हणजे फुलांच्या वासाचे तेल, काढले जाई. इतक्या खटाटोपाने मिळणारी वस्तू स्वस्तातल्या छोट्या बाटलीत मिळू शकत नाही. त्या बाटलीत असते ते कृत्रिम सुगंधी द्रव्य. कृत्रिम म्हणून ते घातकच असते असे नाही, पण ते अगरबत्तीसाठी केले आहे की त्वचेसाठी, हे बाटलीवर लिहिलेले असल्याशिवाय ते अंगाला लावू नये.

खरे तर सुगंधासाठी तेलावरच विसंबून राहण्याचे आपल्याला कारण नाही. उटण्यासाठी लागणारा वाळा, नागरमोथा, कचोरा, जटामांसी, गुलाबकळी, संत्र्याची वाळवलेली साल ही सामग्री कोणत्याही मोठ्या गावातील काष्ठौषधींच्या दुकानात आजही सुटी मिळते. वाळ्याची मुळे कात्रीने बारीक कापावीत, नागरमोथा व कचोरा जाडसर कुटावा, त्यात तितकेच जाडे मीठ मिसळून मलमलीच्या तुकड्यात पुरचुंडी बांधावी आणि ती स्नानाआधी अर्धा तास गरम पाण्याच्या बादलीत सोडून ठेवावी. पाण्याला जो वास येतो तो मंद, मातकट आणि ओलसर असतो. पहिल्या पावसानंतर अंगणात येणाऱ्या वासाच्या जवळ जाणारा. त्यात तेलाचा तवंग जवळजवळ नसतो, डोळ्यांत काही जात नाही आणि पाकळ्या-मुळ्या मोरीच्या जाळीत अडकत नाहीत. बादलीने स्नान करणाऱ्या घरांसाठी हीच कृती पुरवणीने आधी छापायला हवी होती, असे मला मनापासून वाटते. सुकलेल्या पाकळ्या सुट्या मिठात मिसळून बरणी सजवण्याचा मोह होतो, पण पाकळ्या पुरत्या कडकडीत वाळलेल्या नसतील तर आठवड्याभरात त्यांवर बुरशी दिसू लागते.

मिठाविषयीही बराच गैरसमज आहे. गुलाबी ‘हिमालयीन’ मिठासाठी लोक भरमसाट पैसे मोजतात; त्यातले बरेचसे पाकिस्तानातील पंजाबमधल्या खेवडा येथील खाणीतून आलेले असते आणि त्याचाही मुख्य घटक सोडियम क्लोराइड हाच असतो. पाय बुडवण्यासाठी उरण, पालघर किंवा गोव्याच्या मिठागरांतील जाडे मीठ तितकेच उपयोगी आहे. एप्सम सॉल्ट ही वेगळी वस्तू. इंग्लंडमध्ये सरे परगण्यातील एप्सम गावी कडू पाण्याचा झरा होता, त्यातील क्षारावर नेहेमाया ग्रू या वैज्ञानिकाने १६९५ मध्ये ग्रंथ लिहिला. तो क्षार म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. हेच मॅग्नेशियम सल्फेट आपल्याकडे शेतकरी कपाशीवरील लाल्यासाठी, म्हणजे पाने लाल पडण्याच्या विकृतीसाठी, फवारतात, आणि कृषी सेवा केंद्रात त्याची पिशवी फार स्वस्त मिळते. काही गट तीच पिशवी आणून बरण्या भरतात, हे मी पाहिले आहे. खतासाठी बनवलेल्या क्षाराची शुद्धता पिकाच्या गरजेपुरती पाहिलेली असते, माणसाच्या त्वचेसाठी नव्हे. औषधाच्या दुकानातून, वेष्टनावर ‘आय. पी.’ (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे भारतीय औषधकोशाच्या मानकानुसार) अशी नोंद असलेले मॅग्नेशियम सल्फेटच घ्यावे.

साठवणुकीत किनारपट्टीवरील आणि घाटावरील घरांचा अनुभव वेगळा येतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की शुद्ध मीठसुद्धा पाणी शोषून पाझरू लागते, आणि जाड्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असल्यामुळे ते त्याआधीच ओलावते; कोकणात पावसाळ्यात बरणी उघडी राहिली तर तळाशी पाणीच साचते. जाडे मीठ कढईत कोरडे परतून घेतल्यास हा त्रास कमी होतो. एप्सम सॉल्ट मात्र परतू नये, कारण त्याच्या वजनाचा निम्म्याहून थोडा अधिक भाग स्फटिकात बांधलेल्या पाण्याचा असतो. तापवल्यावर ते पाणी सुटून त्याचा चिकट गोळा होतो. खाण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व एकत्र घातलेले मीठ ओलावले तर बंद बरणीत वायू तयार होऊन झाकण उडू शकते, म्हणून दमट हवेत हे मिश्रण करूच नये. धुण्याचा सोडा तर कोणत्याही परिस्थितीत घालू नये. नावात सोडा असल्यामुळे तो खाण्याच्या सोड्याऐवजी वापरला जातो, पण तो कितीतरी अधिक दाहक असतो. कोकणात न्हाणीचे पाणी केळी-अळवाकडे सोडलेले असते, तिथे मिठाचे पाणी जाऊ देऊ नये. माडाला मीठ घालण्याची पद्धत आहे, त्यामुळे माडाचे आळे त्यासाठी चालेल.

गुणधर्मांविषयी लिहितानाही संयम हवा. पुरवणीतील लेखात या स्नानाने ‘शरीरातील विषद्रव्ये बाहेर पडतात’ असे म्हटले आहे, त्याला आधार नाही. मॅग्नेशियम त्वचेतून पुरेशा प्रमाणात शरीरात जाते हेही सिद्ध झालेले नाही. कोमट पाण्याने स्नायू सैलावतात, दिवसभर उभे राहून दमलेल्या पायांना बरे वाटते, वासाने मन शांत होते. राजापूरजवळच्या उन्हाळे येथील गरम झऱ्यापासून वज्रेश्वरी-गणेशपुरीपर्यंतच्या कुंडांत लोक पिढ्यानपिढ्या गरम पाण्यात उतरत आले आहेत, ते सुख खरेच आहे आणि तेवढे सांगितले तरी पुरते. मात्र मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी गरम पाण्यात पाय बुडवून बसू नये. त्यांना चटका कळत नाही आणि भिजून कोरड्या पडलेल्या कातडीला भेगा पडून जखमा होतात. ही सूचना कृतीच्या शेवटी बारीक अक्षरात न छापता सुरुवातीलाच छापावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण पायाच्या दुखण्यासाठी असे उपाय शोधणाऱ्यांत मधुमेहीही असतात. रंगवलेले खडे खडीसाखरेसारखे दिसतात, तेव्हा बरणी स्वयंपाकघरातील फळीवर ठेवू नये आणि तिच्यावर नाव लिहून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावी.

शेवटचा मुद्दा विक्रीचा. घरी वापरण्यासाठी हे मीठ करायला कोणाची परवानगी लागत नाही, परंतु विक्रीसाठी केलेले सौंदर्यप्रसाधन १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली येते, त्यासाठी राज्याच्या परवाना प्राधिकाऱ्याचा परवाना लागतो आणि वेष्टनावर घटकांची नावे व उत्पादनाचा तपशील द्यावा लागतो. दिवाळीच्या प्रदर्शनांत कष्टाने टेबल मांडणाऱ्या अनेक भगिनींना याची कल्पना नसते, आणि ‘संधिवात बरा करते’ अशी चिठ्ठी बरणीला लावल्यास ती वस्तू औषधाच्या व्याख्येत जाते हेही त्यांना कोणी सांगितलेले नसते. आपल्या पुरवणीने ही माहिती, परवान्यासाठी अर्ज कुठे करावा याच्या तपशिलासह, आणि सुगंधी तेलाचे माप घातलेली सुधारित कृती दिवाळीपूर्वीच्या अंकात ठळकपणे द्यावी, ही विनंती.

कळावे,
आपली,
एक निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका, रत्नागिरी