सांडव्यातल्या गोण्या कोण काढणार?

संपादक साहेब, आमच्या गावाच्या वरच्या अंगाला एका फार्महाऊसवाल्याचं मातीचं धरण आहे, लहानच, पण भरावावर बाभळी माजल्यात आणि पाणी जास्त साठावं म्हणून पठ्ठ्याने सांडव्यातच, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेतच, वाळूच्या गोण्या रचल्यात. परवा पायथ्याशी पाझर बघितला तर पाणी गढूळ, म्हणजे आतली माती वाहतेय. मालक म्हणतो जागा माझी. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा खासगी धरणांनाही लागू आहे पण १० मीटरपेक्षा कमी उंचीची त्यात बसतच नाहीत. २०१८ मध्ये केनियात सोलाईला असंच खासगी शेतातलं धरण फुटून ४० च्या वर माणसं गेली. २०१९ ला रत्नागिरी जिल्ह्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा बांध पोखरला म्हणून खेकड्यांवर खापर फोडलं, इथे काय उंदरांवर फोडणार का? तहसीलदारांनी पावसाआधी निदान त्या गोण्या तरी काढायला लावाव्यात.

– खालच्या आळीतला एक वाचक