लिंचचा 'ड्यून' मला धड दाखवणाऱ्या ताईसाठी

ताई, थँक्यू. फोनवर म्हणाले होते पण फोनवर ते एका शब्दात संपलं आणि लगेच आपण तुझ्या ऑफिसवर आणि माझ्या बदलीवर घसरलो, म्हणून इथे सगळ्यांना वाचता येईल असं सावकाश लिहितेय.

डेव्हिड लिंचचा १९८४ चा 'ड्यून' एकदा तरी नीट बघायला मिळावा असं मला किती वर्षं वाटत होतं हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, कारण फ्रँक हर्बर्टची ती १९६५ ची कादंबरी होस्टेलला तूच माझ्या हातात दिली होतीस आणि शेवटच्या परिशिष्टासकट वाच असं दमात घेऊन सांगितलं होतंस. वाळवंटी ग्रहावर मिळणाऱ्या मौल्यवान मसाल्यासाठी भांडणारी घराणी आणि त्यात सापडलेला ड्यूकचा मुलगा पॉल, अशी ती गोष्ट. तुझ्या दमामुळे पुस्तक पाठ झालं, पिक्चर मात्र वाट्याला यायचा तो टीव्हीच्या चौकोनात बसवायला दोन्ही बाजूंनी छाटलेल्या प्रिंटमध्ये. इतक्या रुंद फ्रेमसाठी शूट केलेल्या पिक्चरच्या कडा कापल्या की दोन माणसं बोलतायत आणि आपल्याला मधली भिंत दिसतेय असं होतं, रंग उडालेले, अंधारातले सीन म्हणजे नुसता काळा चिखल. आणि मग लोक म्हणतात पिक्चर कळत नाही. कसा कळेल?

२०२१ मध्ये तुमच्या ब्रिटनमधल्या ॲरो व्हिडिओ या डिस्क काढणाऱ्या कंपनीने मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून ४के रिस्टोरेशन करून तो पुन्हा काढला तेव्हा पहिला मेसेज तुझाच आला होता. मी लगेच हात वर केले होते की इकडे चालणार नाही, ब्ल्यू-रेला रिजनचं कुलूप असतं, तुमचा रिजन बी आणि भारताचा सी. तू शांतपणे समजावलंस की ४के यूएचडी डिस्कला रिजन कोड हा प्रकारच नसतो, फक्त प्लेअर ४के चा हवा. हे एवढं साधं वाक्य मला इथल्या एकाही दुकानात कुणी सांगितलं नव्हतं, उलट दोन ठिकाणी डिस्कचा जमाना गेला मॅडम असं ऐकून परत आले होते. प्लेअर जमायला वेळ लागला, सेकंडहँड मिळाला, आणि तोपर्यंत तू तो सेट विकत घेऊन स्वतःकडे ठेवून दिलास, कुणाच्या तरी बॅगेतून साताऱ्यापर्यंत पोचवलास आणि पैशांचा विषय काढला की विषय बदलत राहिलीस. त्याबद्दल आभार तर आहेतच.

पण खरे आभार त्या कागदाचे आहेत.

तुला माहितीये की १९८४ मध्ये अमेरिकेत काही थिएटरात प्रेक्षकांना शब्दांचे अर्थ छापलेला कागद वाटला होता, म्हणजे अंधारात बसून लोकांनी कुठला शब्द कशासाठी ते शोधायचं. तू बॉक्समध्ये जो कागद घातलास त्यात एकाही शब्दाचा अर्थ नव्हता. त्यात फक्त कुठे काय बघायचं ते होतं. पहिलीच ओळ, गोष्ट तुला येतेच, आधी खोल्या बघ. आणि शेवटी, कुजबुज येईल तिथे चिडू नकोस, पुस्तक आठव. या दोन ओळींनी माझा सगळा पिक्चर बदलला ताई, अजिबात वाढवून सांगत नाहीये.

खोल्यांचंच बघ ना. सेट्स ॲन्थनी मास्टर्सचे, ज्याने त्याआधी कुब्रिकच्या '२००१: अ स्पेस ओडिसी'वर काम केलेलं, आणि दोन्हीकडचं भविष्य किती वेगळं आहे. इथे पांढऱ्या भिंती नाहीत, बटणं नाहीत. पॉलच्या घराण्याच्या, कॅलडनच्या राजवाड्यात सगळीकडे कोरलेलं गडद लाकूड, बादशहाच्या दरबारात डोळे दिपतील असं सोनं, आणि त्यांचे शत्रू हार्कोनन, त्यांच्या गीडी प्राइम ग्रहावर तो तेलकट हिरवा रंग आणि यंत्रं. कोण कुठल्या घराण्याचं हे कुणी तोंडाने सांगायच्या आधी भिंती सांगतात. जुन्या प्रिंटमध्ये हे तिन्ही एकाच मातकट रंगाचे दिसायचे म्हणून तर सगळा गोंधळ व्हायचा! दरबारात गिल्डचा, म्हणजे सगळा अंतराळप्रवास हातात असलेल्या संघाचा, नॅव्हिगेटर येतो तो सीन मी थांबवून थांबवून बघितला, रेल्वेच्या डब्याएवढी ती काळी पेटी सोन्याच्या दालनात सरकत येते, वाफ निघतेय, बरोबर ते काळ्या कपड्यातले टकले लोक, आणि पेटी गेली की मागून त्यांचीच माणसं फरशी साफ करत जातात. पुस्तकात यातलं काहीच नाही. तरी हजारो वर्षं जुनी, थकलेली, स्वतःच्याच रिवाजात अडकलेली सत्ता कशी असते हे त्या फरशी पुसण्यात आलंय, आणि हे हर्बर्टच्या पुस्तकाच्या अगदी गाभ्यातलं आहे.

हे सगळं मेक्सिको सिटीच्या चुरुबुस्को स्टुडिओत हाताने बांधलेलं, १९८३ मध्ये. वाळवंट सामालायुकाचं. वाळूतले ते अजस्र किडे कार्लो राम्बाल्दीने बनवलेले. काही लांबचे सीन तर कॅमेऱ्याच्या समोर छोटी मॉडेल्स ठेवून खऱ्या माणसांशी जुळवलेत, एमिलिओ रुइझ देल रिओचं काम, आणि ४के मध्ये इतकं स्वच्छ दिसत असूनही तो जोड कुठे आहे ते मला सापडलं नाही. याउलट ब्लू स्क्रीनच्या कडा मात्र आता जास्तच उघड्या पडल्यात आणि पॉल आणि त्याला लढाई शिकवणाऱ्या गर्नीच्या सरावात ते ठोकळ्याठोकळ्यांचं कवच चढतं त्यात कोण कुठे वार करतंय ते आजही कळत नाही. रिस्टोरेशन करणाऱ्यांनी ते झाकायचा प्रयत्न केला नाही हे मला आवडलं.

आता कुजबुजीबद्दल. या पिक्चरला सगळ्यात जास्त शिव्या कशावर पडल्या असतील तर त्या मनातल्या आवाजांवर. सगळे सारखे मनात बोलतायत, चेहऱ्यावर दिसतंय तेच कानात सांगतायत. अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्टने एकच स्टार दिलेला. पण तुझ्या सांगण्यावरून मी दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडून एक म्हातारी पॉलची परीक्षा घेते तो पेटीचा प्रसंग परत वाचला, पॉलचा हात पेटीत, गळ्याशी विषारी सुई, आणि हर्बर्ट एकाच पानावर पॉलच्या मनातून म्हातारीच्या मनात जातो आणि परत येतो, बिनधास्त. ती कादंबरी अशीच आहे, तिच्यात माणसं बोलतात एक आणि मोजतात दुसरं. लिंचने तेच उचललं. त्या प्रसंगात पॉल झालेल्या काइल मॅकलाक्लनचा ताणलेला चेहरा, म्हातारी झालेल्या शान फिलिप्सचा तो दगडासारखा आवाज, दाराबाहेर पॉलची आई झालेली फ्रान्सेस्का ॲनिस, आणि वरून भीती घालवायचा तो मंत्र कुजबुजत चाललेला, हे सगळं इतकं जमलंय की मला वाटतं २०२१ च्या नव्या 'ड्यून'मध्ये तो प्रसंग उत्तम असूनही मनाच्या आतली बाजू इथेच जास्त आहे. पुढेपुढे ती युक्ती नको तिथे वापरलीये, मान्य. पण मूळ विचार चुकीचा नव्हता आणि हे मला तू दाखवलंस.

आणि आवाजाचं काय सांगू. टोटो या रॉक बँडने केलेलं एकमेव फिल्म म्युझिक, सोबत व्हिएन्ना सिम्फनी, मध्येच ब्रायन इनोची ती एक थीम. छोट्या स्पीकरवर हे कधी ऐकूच आलं नव्हतं.

तू कागदावर पिक्चरची बाजू घेतली नाहीस हेही मला फार आवडलं. दुसऱ्या अर्ध्याबद्दल स्पष्ट लिहिलंस की इथे सांभाळ, इथे पळापळ आहे. १३७ मिनिटांत ते सगळं पुस्तक! नव्या 'ड्यून'च्या दिग्दर्शकाने, व्हिलनव्हने त्याच पुस्तकाला दोन पिक्चर मिळून पाच तासांवर घेतले. इथे पॉल वाळवंटात शिरेपर्यंत अर्ध्याहून जास्त वेळ गेलेला असतो आणि मग बादशहाची मुलगी इरुलान, तिच्या आवाजात दोन वर्षं उरकतात, पॉल आणि चानीचं प्रेम तर एका वाक्यात. चानी झालेल्या शॉन यंगला करायला काही दिलेलंच नाही. पुस्तकातली फ्रेमेनांना, म्हणजे वाळवंटातल्या लोकांना, शिकवायची ती लढाईची विद्या जाऊन आवाजाच्या बंदुका आल्या. हार्कोननांच्या बॅरनचा सगळा दुष्टपणा फोडांनी भरलेल्या तोंडात आणि एका तरुण मुलाच्या खुनात दाखवलाय, त्यात समलिंगी माणसाबद्दलची जी घाण आहे ती १९८४ म्हणून सोडून देता येत नाही, मला ते बघताना राग आला आणि अजून आहे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे हर्बर्ट जीव तोडून सांगतो की तारणहारापासून सांभाळा, आणि पिक्चर संपतो तो पॉलला खरोखर देव करून, पाऊस पाडून.

त्या पावसाबद्दल तुला एक सांगायचं राहिलं होतं. माझ्यासोबत आई बसली होती बघायला. आई माण तालुक्यातली, ७२ च्या दुष्काळात ती शाळकरी मुलगी होती. तिला इंग्रजी कळत नाही, मी मध्ये मध्ये सांगत होते. घराणी बिराणी तिने सोडून दिली, पण त्या ग्रहाचा अभ्यासक डॉ. काइन्स अंगातला घामसुद्धा वाया न घालवणारा तो सूट पॉलला आणि ड्यूकला समजावून सांगतो तिथून ती सरळ होऊन बसली. फ्रेमेनांचा म्होरक्या स्टिलगार जमिनीखालचा पाण्याचा साठा दाखवतो तेव्हा म्हणाली, याला हात लावत नाहीत ना? नाही म्हटलं, पिढ्यान् पिढ्या साठवतायत, पुढे कधीतरी वाळवंट हिरवं करायला. मग बरोबर, म्हणाली. आणि शेवटी पाऊस पडला तर ती खूश व्हायच्या ऐवजी मलाच विचारायला लागली की एवढ्या वर्षांचं साठवलेलं आता कशाला मग? मी तिला सांगितलं की पुस्तकात असा पाऊस नाहीच, तिथे पाणी त्या किड्यांना विष असतं आणि किडे मेले तर त्यांच्यापासून होणारा मसालाही संपला, पॉल पाण्याचं वचन देतो पण ते हळूहळू, झाडं लावत लावत यायचं. ती म्हणाली पुस्तकवाल्याला कळत होतं. ताई, या शेवटावरची इतकी नेमकी टीका मी कुठल्याच समीक्षेत वाचली नाहीये आणि ती ऐकायला मिळाली कारण पिक्चर घरच्या हॉलमध्ये, मोठा, स्वच्छ आणि पाहिजे तिथे थांबवता येईल असा लागला होता.

लिंचबद्दल वाईट वाटत राहतं. शेवटचा कट त्याच्या हातात नव्हता, आणि तो हक्क आपण दिलाच कसा हे त्याला आयुष्यभर सलत राहिलं. १९८८ ला टीव्हीसाठी जवळपास तीन तासांचं व्हर्जन परस्पर जोडलं तेव्हा त्याने स्वतःचं नाव काढून ॲलन स्मिथी लावायला लावलं, म्हणजे पिक्चर आपला नाही म्हणणारे दिग्दर्शक वापरायचे ते खोटं नाव. परत या पिक्चरकडे वळायला तो कधी तयार झाला नाही आणि जानेवारी २०२५ मध्ये तो गेला, म्हणजे त्याच्या मनातला 'ड्यून' आता येणारच नाही. म्हणून ॲरोने १३७ मिनिटांचा थिएटरवालाच कट घेतला हे मला पटलं, निदान त्यावर त्याचं नाव तरी आहे. आणि निर्माता डिनो दि लॉरेंटिसने याच अपयशानंतर त्याला कमी पैशात पण शेवटच्या कटच्या हक्कासकट 'ब्लू व्हेल्व्हेट' करू दिला, तोही मॅकलाक्लनला घेऊन, हे तू कागदाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतंस ते वाचून खूप बरं वाटलं.

तर ताई, डिस्कबद्दल, प्लेअरच्या सल्ल्याबद्दल, आणि एका फसलेल्या पिक्चरवर मन लावून प्रेम करता येतं आणि त्याचं चुकलेलं चुकलंच म्हणता येतं हे मला शिकवल्याबद्दल मनापासून थँक्यू. काढून टाकलेले सीन मी अजून लावलेले नाहीत, ते तू डिसेंबरात येशील तेव्हा. आई विचारतेय नक्की कधी येणार, तारीख कळव.